वाचकांचे प्रश्न : रोजचं डोकं आणि सोसवेल असं औषध

डोकेदुखीवर आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. गोळ्यांची नावं बहुतेकांनी नीट लिहिली आहेत, पण महिन्यात किती दिवस डोकं दुखतं याचं उत्तर 'नेहमीच', 'अधूनमधून', 'विचारू नका' असं आहे. उपचार ठरतो तो या आकड्यावर. म्हणून खालच्या उत्तरांत आम्ही पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळलो आहोत. एक पत्र तातडीचं आहे, ते आधी घेतो.

प्रश्न : आईचं वय ६८. आयुष्यात तिला डोकेदुखी माहीत नव्हती. तीन आठवड्यांपासून उजवं कानशील सतत दुखतं, केस विंचरतानाही हुळहुळतं. जेवताना जबडा भरून येतो म्हणून ती मध्येच थांबते. वयोमानामुळे असेल का?

नाही. हे वाचाल त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, हाताला दुखरं लागणारं कानशील आणि चावताना भरून येणारा जबडा या तीन गोष्टी एकत्र आल्या की जायंट सेल आर्टेरायटिसची शंका घ्यावीच लागते. यात कानशिलाच्या रोहिणीला, म्हणजे रक्त पुरवणाऱ्या वाहिनीला, सूज येते. ती डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपर्यंत गेली तर दृष्टी जाते, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या लगेच होतात. शंका दाट असेल तर डॉक्टर रोहिणीच्या तुकड्याच्या तपासणीसाठी थांबत नाहीत, स्टेरॉइड आधी सुरू करतात. क्षणभर डोळ्यापुढे पडदा येणं किंवा एकाचे दोन दिसणं असं झालं असेल, तर सकाळचीही वाट पाहू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

इतरांसाठी याच जागी सांगून ठेवतो. मिनिटभरात कळस गाठणारी, कधीच अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि ताठरलेली मान. हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, भान हरपणं. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं. आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं दुखणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी. कर्करोग असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाची नवी डोकेदुखी. यांपैकी काहीही असेल तर तपासणी आधी, पत्र नंतर. याउलट वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने दुखणारं डोकं असेल आणि डॉक्टरांनी तपासून मज्जासंस्थेत काही दोष नाही असं सांगितलं असेल, तर दर वर्षी एमआरआय करून हाती काही लागत नाही.

प्रश्न : वय ४१. कॉलेजात असल्यापासून महिन्यातून दोन-तीनदा अर्धशिशी. पण गेली दोन वर्षं रोज पहाटे जड डोकं घेऊनच जाग येते. पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली गोळी घेतली की चार-पाच तास बरे जातात. रोज एक किंवा दोन लागतात. बंद केली तर दिवस निघत नाही. आणखी जोरदार गोळी कोणती?

जोरदार गोळी शोधू नका. तुम्ही लिहिलेल्या चित्रात गोळी हाच दुखण्याचा एक भाग झालेली दिसते. अतिवापराने होणारी ही डोकेदुखी मुळात अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी असणाऱ्यांनाच होते. कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या, पण डोकेदुखीचा पिंड नसलेल्या माणसाला ती सहसा होत नाही. रात्रभरात औषधाचा अंमल उतरतो आणि पहाटे डोकं उठतं. सकाळची गोळी त्यावर पांघरूण घालते आणि दुसऱ्या दिवशीची सोय करून ठेवते.

मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. नुसतं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नेप्रोक्सेन महिन्यात १५ किंवा जास्त दिवस. आणि मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गोटामिन (ही अर्धशिशीचा झटका थांबवणारी औषधं), ट्रामाडॉल किंवा कोडीन (ही अफूच्या जातीची वेदनाशामकं) महिन्यात १० किंवा जास्त दिवस. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं आणि महिन्यात १५ दिवस डोकं दुखत असलं, तर हे निदान लागतं. एका दिवसात चार गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस. उलट रोज अर्धीच घेतली तरी ते तीस दिवस. 'मी फक्त अर्धीच घेते' म्हणणाऱ्यांची फसगत इथेच होते. तुमची गोळी मिश्र आहे, म्हणजे तुमची मर्यादा दहाची, आणि तुम्ही तिसावर आहात.

सोडायचं कसं? डॉक्टरांना सांगून एक तारीख ठरवा. पुढच्या दहा दिवसांत परीक्षा, प्रवास, घरातलं कार्य नसेल अशी. साध्या गोळ्या आणि ट्रिप्टान एकदम बंद करता येतात. ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या मात्र हळूहळूच उतरवाव्या लागतात, त्या स्वतःच्या मनाने तोडू नका. बंद केल्यावर दोन ते दहा दिवस दुखणं आधीपेक्षा वाढतं. मळमळ, बेचैनी, तुटक झोप होते. हे आधी माहीत नसेल तर तिसऱ्या दिवशी माणूस 'मला गोळीची गरजच आहे' असं म्हणून परत पाकीट फोडतो. बहुतेकांचा प्रयत्न इथेच फसतो. म्हणून या दिवसांसाठी काही डॉक्टर मळमळीचं औषध आणि ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिवसांपुरतंच नेप्रोक्सेन देतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.

तुमच्या गोळीत कॅफीन आहे, त्याचा हिशेब वेगळा. कॅफीन तुटल्यावर १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, दुसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि नऊ दिवसांपर्यंत राहू शकतं. त्याच आठवड्यात चहा-कॉफीही तोडली तर दोन्ही त्रास एकावर एक येतात. त्या काळात चहा-कॉफी नेहमीइतकीच, नेहमीच्या वेळी ठेवा. कमी करायची असेल तर नंतर, दर काही दिवसांनी अर्धा कप अशी.

त्याचबरोबर डोकं उठूच नये म्हणून घ्यायचं रोजचं औषध सुरू करण्याबद्दल विचारा. नुसतं गोळ्या बंद करून पुष्कळांचं डोकं पुन्हा जुन्या 'महिन्यातून दोन-तीनदा'वर येतं, पण सगळ्यांचं नाही. निकाल दोन महिन्यांनी पाहा, दहाव्या दिवशी नाही. पुढे मर्यादा आठवड्यातून दोन दिवस. ती पाळायला एक साधी युक्ती आहे. गोळी काढली की पाकिटाच्या चांदीवर त्या रिकाम्या खणाशेजारी पेनाने तारीख लिहायची. पाकीट उलटं केलं की महिना दिसतो.

प्रश्न : डोकं दुखताना नाक चोंदतं, भुवईवर आणि गालावर दाब येतो. तीन वेळा सायनसची अँटिबायोटिक्स घेतली. दर वेळी चार दिवसांत बरं वाटतं, पण महिन्याभरात पुन्हा तेच.

अर्धशिशीतही नाक चोंदतं, पाणी वाहतं, डोळे ओलावतात. चार दिवसांत बरं वाटलं ते झटका तेवढ्यात ओसरतोच म्हणून. खऱ्या जंतुसंसर्गात नाकातून घट्ट हिरवा-पिवळा स्राव, वास न येणं, अनेकदा ताप असतो. दुखताना उजेड नकोसा होतो का, मळमळतं का, जिना चढल्यावर ठणका वाढतो का, हे पाहा. दोन गोष्टी 'हो' असतील तर चौथं अँटिबायोटिक घेण्याआधी अर्धशिशीच्या दृष्टीने तपासून घ्या.

प्रश्न : महिन्यात १८ दिवस डोकं दुखतं, वय ३४. प्रोप्रानोलॉल २० मि.ग्रॅ. दोन महिने घेतलं, फरक शून्य. फ्लुनारिझिनने चार महिन्यांत सहा किलो वजन वाढलं आणि मन उदास राहू लागलं. टोपिरामेट दहा दिवसांत सोडलं, बोटांना मुंग्या आणि बोलताना शब्द सापडेनात. सगळं करून झालं. आता हे असंच सोसायचं का?

ही तिन्ही डोकं उठूच नये म्हणून रोज घ्यायची औषधं. त्यांपैकी एकच औषध खऱ्या अर्थाने वापरून झालं आहे, ते फ्लुनारिझिन. वजन आणि उदासी हे त्याचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. ते बंद केलं हे योग्यच झालं, पुन्हा घेऊ नका. (वयस्कर माणसांत त्याने हातपाय कापणं, हालचाली मंदावणं असाही त्रास होतो.)

प्रोप्रानोलॉल मात्र तुम्ही घेतलंच नाही असं म्हणायला हवं. अर्धशिशीत त्याचा उपयोग बहुधा दिवसाला ८० ते १६० मि.ग्रॅ.च्या आसपास दिसतो. २० हा पायरीचा पहिला दगड. दम्याचा त्रास नसेल आणि नाडी मुळात संथ नसेल तर हे औषध पुन्हा, नीट चढत्या मात्रेने आजमावता येईल. हात गार पडणं, दम लवकर लागणं, विचित्र स्वप्नं पडणं हे त्याचे त्रास.

टोपिरामेटचं काय झालं? तुम्ही सुरुवातीचा डोस लिहिलेला नाही, पण दहा दिवसांत इतका त्रास म्हणजे चढ वेगाचा झाला असावा. रात्री २५ मि.ग्रॅ.ने सुरुवात, दर आठवड्याला २५ वाढवत दिवसाला १०० पर्यंत, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ५० असा चढ नेहमीचा. ज्यांना त्रास होतो त्यांच्यात तो दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात. कित्येकांना ५० वरच पुरेसं बरं वाटतं, तिथेच थांबता येतं. बोटांच्या मुंग्या त्रासदायक असल्या तरी धोक्याच्या नसतात. शब्द न सापडणं मात्र वेगळं. तुमचं काम बोलण्याचं असेल आणि कमी डोसवरही ते होत असेल तर हे औषध तुमच्यासाठी नाही, हट्ट करू नका. घेणाऱ्यांनी भरपूर पाणी प्यावं, मूतखडा होऊ शकतो. अचानक डोळा दुखून धूसर दिसलं तर गोळी थांबवून तातडीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. दिवस राहण्याची शक्यता असेल तर टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट (अर्धशिशीत दिलं जाणारं आणखी एक रोजचं औषध) दोन्ही टाळायची, बाळात व्यंग येण्याचा धोका आहे. टोपिरामेट काही गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी करतं.

आमचा नियम असा : औषध पूर्ण मात्रेवर पोचल्यापासून किमान आठ आठवडे. त्याआधी 'लागू पडलं नाही' असं म्हणू नये. त्रास सोसवेना म्हणून थांबवणं निराळं, त्याला मुदत नाही. वहीत दोन्ही वेगवेगळं लिहा : 'उपयोग नाही, अमुक डोस, अमुक आठवडे' किंवा 'सोसलं नाही, अमुक कारणाने'. पुढचा डॉक्टर या एका ओळीवरून पुढचं ठरवतो.

औषध निवडताना डोक्याइतकंच उरलेल्या शरीराकडे बघावं, असं आमचं ठाम मत आहे. रक्तदाब वाढलेला असेल तर प्रोप्रानोलॉल किंवा कँडेसार्टन (८ पासून १६ मि.ग्रॅ.पर्यंत), एका गोळीत दोन कामं होतात. मात्र कँडेसार्टनही गरोदरपणात चालत नाही. झोप लागत नसेल तर अमिट्रिप्टिलिन. वजन जास्त असेल तर टोपिरामेट. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल नाही. मन खचलेलं असेल तर फ्लुनारिझिन नाही, त्यापेक्षा व्हेनलाफॅक्सिनचा विचार होतो. दुष्परिणाम टाळता येत नाहीत, पण कोणता परवडेल हे निवडता येतं. तुमच्या बाबतीत प्रोप्रानोलॉल किंवा कँडेसार्टन आधी येतील, कारण दोन्ही शब्दांना सहसा हात लावत नाहीत.

गोळ्या खरोखर संपल्या तर पुढेही वाट आहे. १५ किंवा जास्त दिवस दुखणाऱ्या, म्हणजे जुनाट अर्धशिशीसाठी बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात : कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ ठिकाणी एकूण १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. एका फेरीवर निकाल देऊ नये, दोन-तीन फेऱ्या लागतात. सीजीआरपी हा अर्धशिशीत वेदना पुढे नेणारा रेणू आहे. त्याला अडवणारी अँटिबॉडी औषधं २०१८ पासून वापरात आली आणि बहुतेक महिन्यातून एकदा कातडीखाली टोचतात. त्यांतल्या एरेन्युमॅबने बद्धकोष्ठ होतं, बाकी शब्द अडणं, गुंगी असले त्रास क्वचित.

यश कशाला म्हणायचं तेही ठरवून घ्या. १८ चे ९ दिवस झाले तर औषध उत्तम लागू पडलं. १८ चे १२ झाले तरी जुनाट अर्धशिशीत तो खरा फायदा आहे, सोडून देऊ नका. शून्याची वाट बघणारे चांगलं औषध टाकून देतात.

हा हिशेब आठवणीवर होत नाही. वहीतली एक ओळ अशी दिसावी : '१२, मंगळ. पहाटे ५, डावं कानशील, ठणका. मळमळ. उजेड नको. काम बंद ४ तास. गोळी ६.१० ला, १. उतरलं ९ ला. आदली झोप ५ तास. पाळीचा दुसरा दिवस.' याहून जास्त लिहू नका, जास्त लिहिणाऱ्यांची वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. महिनाअखेरीस तीनच आकडे काढा : दुखण्याचे दिवस, काम बंद पडल्याचे दिवस, गोळीचे दिवस. डॉक्टरांसमोर ते तीन आकडे आधी ठेवा.

प्रश्न : डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन दिलं. चिठ्ठी वाचली तर ते डिप्रेशनचं औषध निघालं. माझं मन ठीक आहे. शिवाय सकाळी दहापर्यंत झापड असते.

तुमचं मन ठीक आहे हे डॉक्टरांनाही माहीत असणार. डिप्रेशनसाठी या औषधाचा डोस पुष्कळ मोठा असतो. डोकेदुखीत ते १० मि.ग्रॅ.ने सुरू करतात आणि वेदनेच्या मार्गांवरच्या परिणामासाठी देतात. ताणाच्या जुनाट डोकेदुखीत, म्हणजे पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंनी गच्च होतं त्यात, पहिलं नाव याचंच असतं.

झापड बहुधा वेळेची आहे. झोपायला जाताना गोळी घेतली तर तिचा अंमल सकाळवर येतो. झोपेच्या दीड-दोन तास आधी घेऊन पाहा. तरीही जड वाटलं तर डॉक्टरांना विचारून आठवडाभर अर्धी. पहिल्या दोन आठवड्यांत झापड बरीच ओसरते. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ मात्र टिकतात, त्यासाठी पाणी आणि चोथायुक्त आहार. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदूचा काही प्रकार किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर हे औषध घेण्याआधी सांगायलाच हवं.

प्रश्न : सुमाट्रिप्टान कधी जादूसारखं काम करतं, कधी गोळी पाण्यात गेली असं वाटतं. असं का?

बहुतेकदा वेळ चुकते. ठणका सौम्य असताना घेतलेली गोळी आणि तासाभराने, कळा वाढल्यावर घेतलेली तीच गोळी यांत मोठा फरक पडतो. दुखणं पुढे गेल्यावर डोक्याची कातडीच हुळहुळू लागते, केसांना कंगवा लागला तरी सोसत नाही. त्या टप्प्यावर ट्रिप्टान कमी पडतं. दुसरं कारण पोट. अर्धशिशीच्या झटक्यात जठर मंदावतं, गोळी पुढे सरकतच नाही. मळमळ असेल तर मळमळीचं औषध सोबत घेण्याबद्दल विचारा, आणि उलट्याच होत असतील तर नाकात मारायचा फवारा किंवा इंजेक्शन.

ज्यांना आधी डोळ्यांपुढे झगमगती नागमोडी रेघ येते, त्यांनी रेघ दिसताना नव्हे, दुखायला लागल्यावर घ्यावी. पहिली गोळी लागू पडून दुखणं परतलं तर किमान दोन तासांनी दुसरी चालते. पहिलीने काहीच झालं नाही तर त्याच झटक्यात दुसरीनेही होत नाही. नेप्रोक्सेन ५०० मि.ग्रॅ. सोबत घेतलं तर परतणं कमी होतं. तीन झटक्यांत नीट वेळेवर घेऊनही उपयोग नसेल तर दुसरं ट्रिप्टान मागा, एक न चालणाऱ्याला दुसरं चालू शकतं. रिझाट्रिप्टान देत असतील आणि प्रोप्रानोलॉल चालू असेल तर सांगा, डोस निम्मा करावा लागतो. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ट्रिप्टान चालत नाही.

झगमगती रेघ दिसणाऱ्या स्त्रियांनी आणखी एक तपासावं : गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन आहे का. या दोन्हींच्या एकत्र येण्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. इस्ट्रोजेन नसलेला पर्याय मागून घ्या.

प्रश्न : भावाला रोज रात्री दोनच्या सुमारास एकाच डोळ्यामागे भयंकर दुखतं. डोळा लाल, पाणी वाहतं. झोपून राहवत नाही, खोलीत येरझाऱ्या घालतो. तासाभरात थांबतं. दात काढून झाला, चष्मा बदलून झाला.

अर्धशिशीचा माणूस अंधारात निपचित पडतो, तुमचा भाऊ येरझाऱ्या घालतो. या एका फरकावरून क्लस्टर डोकेदुखीची दाट शंका येते. झटका १५ मिनिटं ते तीन तासांचा, घड्याळ लावल्यासारखा, आठवडेच्या आठवडे, आणि मग महिनोन्महिने काही नाही. साध्या गोळ्या पोटातून चढेपर्यंत झटका संपलेला असतो, म्हणून त्या निरुपयोगी.

झटक्यावरचा उपाय म्हणजे शुद्ध ऑक्सिजन : मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवी असलेल्या घट्ट मास्कमधून, ताठ बसून किंवा पुढे झुकून, १५ ते २० मिनिटं. नाकाला नळी लावून दोन-चार लिटर दिला आणि 'ऑक्सिजनने काही झालं नाही' असं ठरलं, अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. तेवढ्याने काही होणारच नव्हतं. जवळ ज्योत, सिगारेट नको. दुसरा उपाय सुमाट्रिप्टानचं ६ मि.ग्रॅ.चं इंजेक्शन. झटके थोपवण्यासाठी व्हेरापामिल देतात, त्यात डोस वाढवताना ईसीजी काढावाच लागतो. झटक्यांचा हंगाम चालू असेपर्यंत दारू पूर्ण बंद, तिने तासाभरात झटका येतो. मेंदूविकारतज्ज्ञाकडे आठवडाभरात न्या. पहिल्यांदाच असं होत असेल तर एमआरआय एकदा करतात.

प्रश्न : रोजचं औषध लागू पडलं आहे, दुखण्याचे दिवस १६ वरून ५ वर आले. हे जन्मभर घ्यायचं का?

सहसा नाही. सहा ते बारा महिने असं शांत गेल्यावर औषध उतरवून पाहतात. एकदम नको. प्रोप्रानोलॉल झटक्यात सोडलं तर हृदयाचे ठोके उसळतात, ते दोन-तीन आठवड्यांत उतरवायचं. टोपिरामेट आठवड्याला २५ मि.ग्रॅ.ने, अमिट्रिप्टिलिन आठवडा-दोन आठवड्यांनी १० मि.ग्रॅ.ने. वही या काळात चालूच ठेवा, औषध संपल्यावर आणखी दोन महिने. आकडा ५ वरून ७ झाला तर घाबरू नका, महिनाभर तसाच बघा. १० कडे जाऊ लागला तर ज्या डोसवर शेवटचं बरं होतं त्यावर परत जा आणि सहा महिन्यांनी पुन्हा उतरवून पाहा.